वाळलेले मोठे झाड काढताना: पैसे नेमके कशाचे लागतात

वाळलेले झाड तोडायला हिरव्या झाडापेक्षा जास्त पैसे पडतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पाने नाहीत, फांद्या हलक्या झालेल्या, लाकूड सुकलेले. मग काम सोपे व्हायला हवे, असा सरळ हिशेब असतो. त्यात तीन ठेकेदार बोलावले की एकाच झाडाचे तीन आकडे निघतात. एक बारा हजार म्हणतो, दुसरा अठ्ठावीस, तिसरा साठाच्या खाली येत नाही. मग कोणीतरी लुबाडते आहे, या निष्कर्षावर घर किंवा सोसायटी येते आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी आकड्याला काम देऊन मोकळी होते. प्रत्यक्षात तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर सांगितलेले असतात. हा फरक समजला की रास्त दर आणि वाढवून सांगितलेला दर वेगळा ओळखता येतो.

आधी खात्री: झाड मेले आहे की पानगळ आहे?

पांगारा, काटेसावर, पळस, शेमट, चाफा, बहावा ही झाडे वर्षातले काही आठवडे ते काही महिने निष्पर्ण उभी असतात. गुलमोहरही उन्हाळ्याच्या सुरुवातीला काड्यांचा सांगाडा दिसतो. अशा वेळी ‘झाड वाळले’ म्हणून अर्ज केला, तर तपासणीला आलेला उद्यान खात्याचा माणूस हसून परत जातो आणि दोन महिने वाया जातात.

घरच्या घरी करायची तपासणी साधी आहे. हाताला लागणाऱ्या बारीक फांदीची साल नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडावी. आत हिरवट, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे निघाले तर आणखी चार ठिकाणी, वेगवेगळ्या दिशांच्या फांद्यांवर पाहावे. एक बाजू वाळलेली आणि दुसरी जिवंत असे झाडात पुष्कळदा असते. अशा झाडाची वाळलेली बाजू छाटली तरी भागते आणि छाटणीचा खर्च तोडणीपेक्षा बराच कमी असतो.

झाड खरेच मेलेले असेल, तर बुंधा किती पोकळ आहे हे पाहावे. लाकडी हातोड्याने किंवा मुसळाच्या टोकाने बुंध्यावर खालून वर ठोकत जावे. भरीव लाकूड टणक वाजते. पोकळ जागी आवाज बद्द येतो. बुंध्याशी फळीसारखी उगवलेली कडक अळंबी, वाळवीच्या मातीच्या रेषा, सालीखालून गळणारा भुसा, मुळाशी जमिनीला गेलेली ताजी भेग या खुणा दिसल्या तर काम लांबवू नये. मुंबईतील पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने मोठ्या संख्येने वाळले. रस्त्याकडेचे असे वृक्ष वरून भक्कम दिसत असले, तरी त्यांच्या जाड फांद्या वारा नसतानाही सुटून पडतात.

वाळलेले झाड महाग का पडते

हिरवे झाड पाडताना तोडणारा ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूने खाच घेतो आणि मग विरुद्ध बाजूने कापत येतो. मध्ये लाकडाची एक पट्टी मुद्दाम शिल्लक ठेवतो. ओले लाकूड वाकते, त्यामुळे ती पट्टी बिजागरीसारखी काम करते आणि झाड ठरल्या दिशेला सावकाश कलते. वाळलेल्या लाकडात ही वाकण्याची ताकद राहत नाही. पट्टी मध्येच तुटते आणि झाड त्याला हवे तिकडे जाते.

दुसरी अडचण चढण्याची. अनुभवी माणूस झाडावर चढून वरच्या फांदीला दोर बांधतो आणि त्या आधाराने कापलेली फांदी कप्पीवरून खाली सोडतो. वाळलेल्या झाडावर ती वरची फांदी स्वतःच भरवशाची नसते. म्हणून माणूस वर पाठवण्याऐवजी बाहेरून मशीन आणावे लागते: बकेट असलेली गाडी, बूम लिफ्ट किंवा फांदी धरून ठेवायला हायड्रा क्रेन. दर तिथेच वाढतो. हायड्रा आणि बूम लिफ्ट पाळीच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. दोन तासांचे काम असले तरी किमान तासांचे भाडे द्यावे लागते आणि यार्डातून निघाल्यापासूनचा वेळ मोजला जातो. म्हणून एका आवारात दोन वाळलेली झाडे असतील, तर ती एकाच दिवशी काढणे हा पैसे वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. शेजारच्या सोसायटीचे काम त्याच दिवशी लागले तर मशीनचे भाडे वाटून घेता येते.

जाणता ठेकेदार पाहणीला आला की आधी वर बघत नाही. तो फाटकाची रुंदी बघतो, मग आवारातल्या फरशीवर पाय आपटून खाली पाण्याची टाकी आहे का ते विचारतो, मग तारांकडे बघतो, आणि सगळ्यात शेवटी झाडाकडे. त्याचा दर बहुतेक या क्रमानेच ठरतो:

- हायड्रा किंवा टेम्पो आत येतो का? आला नाही, तर प्रत्येक ओंडका माणसांनी उचलून रस्त्यापर्यंत न्यावा लागतो.
- खाली काय आहे? मोकळी जमीन असेल तर झाड आडवे पाडता येते. पत्र्याची शेड, गाड्या, कंपाउंड भिंत, शेजाऱ्याची बाल्कनी असेल तर वरून तुकड्या-तुकड्याने उतरवावे लागते.
- तारा किती जवळ आहेत? वीजपुरवठा बंद केल्याशिवाय काम होणार नसेल तर एक दिवस कमीत कमी वाढतो.
- बुंध्याचा घेर आणि उंची किती? उंचीपेक्षा घेर महत्त्वाचा, कारण वजन त्यावर वाढते.
- फांद्यांवर आग्या मोहोळ किंवा ढोलीत घरटी आहेत का?

वजनाची कल्पना येण्यासाठी एक हिशेब उपयोगी पडतो. सहा फूट घेराचा, दहा फूट लांबीचा गोल ओंडका घनफळाने साधारण साडेअठ्ठावीस घनफूट भरतो. बऱ्यापैकी सुकलेला असला तरी त्याचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास जाते; ओला असेल तर पाऊण टन सहज. असा ओंडका दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून ‘सोडून देऊ’ म्हणणाऱ्या ठेकेदाराचा दर कमी का आहे, हे वेगळे सांगायला नको.

शेताच्या बांधावरचे मोकळे झाड काही हजारांत निघते. तेच झाड दाट वस्तीत दोन इमारतींच्या मध्ये असेल आणि क्रेन लावून उतरवायचे असेल, तर आकडा पन्नास हजारांच्या पुढे जाऊ शकतो. त्यामुळे ओळखीच्या माणसाने गावी किती दिले, याची तुलना शहरातल्या दराशी करण्यात अर्थ नसतो.

परवानगी: मेलेल्या झाडालाही लागते

‘आमच्या जागेतले झाड, तेही मेलेले, मग परवानगी कशाला?’ हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. महाराष्ट्रातील शहरी भागाला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यानुसार स्वतःच्या मालकीच्या जागेतील झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची किंवा वृक्ष प्राधिकरणाची आगाऊ परवानगी लागते. कायद्याच्या भाषेत ‘तोडणे’ म्हणजे फक्त करवत चालवणे नव्हे. जाळणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. म्हणूनच बुंध्यात रसायन टाकून ‘आपोआप वाळलेले’ झाड तपासणीत उघडे पडले की अर्जदार स्वतःच अडचणीत येतो.

मृत किंवा धोकादायक झाडाला परवानगी सहसा नाकारली जात नाही. अर्ज पालिकेच्या उद्यान खात्यात करावा. त्यासोबत पुढील गोष्टी जोडल्या तर फेऱ्या वाचतात:

- झाडाची जागा दाखवणारा साधा नकाशा, हद्दीपासूनच्या अंतरासह
- झाडाचे चार बाजूंनी काढलेले फोटो, एक पूर्ण झाडाचा आणि एक बुंध्याचा जवळून
- मालकीचा पुरावा. सोसायटी असेल तर समितीच्या ठरावाची प्रत
- झाड मृत किंवा धोकादायक असल्याचा कारणासह स्पष्ट उल्लेख

शेवटचा मुद्दा कोणी मनावर घेत नाही आणि तो महाग पडतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला आणि बदली लागवडीचा हिशेब तोडलेल्या झाडाच्या वयाशी जोडला गेला. ‘झाड अडथळा ठरते’ असा मोघम अर्ज आणि ‘झाड पूर्णपणे वाळले असून बुंधा पोकळ आहे’ असा नेमका अर्ज यांना मिळणारी वागणूक एकसारखी नसते.

पाहणी, झाडावर नोटीस, हरकतींची मुदत आणि निर्णय यांत एक-दोन महिने जातील असे धरून चालावे. अर्जाची पोच तारीख व क्रमांकासह घ्यावी. उत्तर आले नाही, तर पोचक्रमांक देऊन स्मरणपत्र द्यावे. त्यानेही हालचाल झाली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्जाच्या सद्यःस्थितीची विचारणा करता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते. या अर्जाने पुष्कळदा फाईल हलते, एवढाच त्याचा व्यावहारिक उपयोग.

परवान्यासाठी भरायची अनामत आणि शुल्क प्रत्येक पालिकेचे वेगळे असते. ही रक्कम तोडणीच्या खर्चात धरावी आणि अनामत परत कोणत्या अटीवर मिळते ते त्याच वेळी लेखी घ्यावे.

ग्रामीण भागात दुसरा कायदा लागतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ अशी झाडे आहेत. बांधावरचा आंबा वाळला तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड घालू नये. चौकशी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात किंवा तहसीलमध्ये करावी. लाकूड गाडीत घालून न्यायचे तर वाहतूक परवाना लागतो की नाही, हेही तेव्हाच विचारावे. परवाना नसलेली गाडी नाक्यावर अडकली की ठेकेदार मालकाचे नाव सांगतो. चंदनाच्या बाबतीत तर वाळक्या झाडालाही हात लावण्याआधी वनविभागात जावे. येथे शंकेला जागा ठेवू नये. गोव्यात वृक्ष संरक्षणाचा १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि परवानगी वनखात्याकडून घ्यावी लागते.

झाड कललेले आहे, मुळे उचकटली आहेत, फांदी रस्त्यावर लोंबते आहे अशा वेळी अर्जाची वाट पाहणे मूर्खपणाचे ठरेल. अग्निशमन दलाला १०१ वर आणि मुंबईत पालिकेच्या १९१६ वर कळवावे. कळवल्याची वेळ नोंदवून ठेवावी, फोटो काढावेत आणि तातडीने कापावे लागले तर लगेच उद्यान खात्याला लेखी कळवावे. अग्निशमन दल धोका दूर करण्यापुरते कापते; उरलेला बुंधा आणि पडलेला ढीग मालकाला स्वतःच्या खर्चाने हलवावा लागतो. हे आधी माहीत नसल्याने पुष्कळांची चिडचिड होते.

कोटेशन वाचायचे कसे

बहुतेक कोटेशन एका ओळीचे असते: ‘झाड तोडणे, एकूण रु. …’. ही एक ओळ सर्व भांडणांचे मूळ आहे. ठेकेदाराला पुढील बाबींचा दर वेगवेगळा लिहून द्यायला सांगावे: फांद्या उतरवणे, बुंधा कापणे, मशीनचे भाडे, मजुरी, वाहतुकीच्या खेपा, बुडखा काढणे, जागा साफ करणे, आणि जीएसटी.

समजा, सोसायटीच्या आवारात एक पन्नास फुटी वाळलेला पर्जन्यवृक्ष आहे. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. पहिला ठेकेदार २२ हजार म्हणतो. दुसरा ४१ हजार, सगळे धरून, लाकूड सोसायटीचे. तिसरा ३० हजार, लाकूड त्याचे. पहिल्याला विचारल्यावर कळते की हायड्राचे ९ हजार वेगळे, माल हलवायच्या तीन खेपांचे ७ हजार वेगळे, आणि बुडखा जमिनीच्या पातळीवर आणायचे ६ हजार वेगळे. बेरीज ४४ हजार. म्हणजे सर्वांत स्वस्त वाटलेला सर्वांत महाग निघाला. आता प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये उरतो. त्याचे उत्तर लाकडाच्या किमतीवर आहे. लाकूड ११ हजारांहून अधिकचे असेल तर दुसरा बरा, नाहीतर तिसरा.

जीएसटीबद्दल एक खबरदारी. ठेकेदार नोंदणीकृत नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असेल, तर त्याला बिलात ग्राहकाकडून जीएसटी वेगळा आकारता येत नाही. कच्च्या कागदावर ‘१८ टक्के टॅक्स’ असे लिहून रक्कम वाढवलेली दिसली की नोंदणी क्रमांक मागावा. सोसायटीने ठेकेदाराला एका वेळी ३० हजारांहून किंवा वर्षात मिळून एक लाखाहून अधिक दिले, तर टीडीएस कापावा लागतो: ठेकेदार व्यक्ती असेल तर एक टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर दोन टक्के. सोसायटीचे खजिनदार हे विसरतात आणि लेखापरीक्षणात शेरा येतो.

सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. मशीन ठरवण्यापुरती आगाऊ, एक भाग झाड जमिनीवर आल्यावर आणि उरलेली रक्कम माल उचलून जागा साफ झाल्यावर, अशी विभागणी चांगली. शेवटचा हप्ता बऱ्यापैकी मोठा ठेवावा. झाड पडल्यावर ठेकेदाराचा त्या कामातला रस संपलेला असतो आणि फांद्यांचा ढीग पंधरा दिवस पार्किंगमध्ये पडून राहतो, हे दृश्य कोणत्याही मोठ्या सोसायटीत पाहायला मिळते.

माणसे, विमा आणि जबाबदारी

स्वस्त दराचे दुसरे कारण येथे असते. तोडणारी माणसे पट्टा, हेल्मेट न घालता, कमरेला साधा दोर बांधून आणि पायात चप्पल घालून चढत असतील, तर ठेकेदाराने जो खर्च वाचवला त्याची जोखीम ग्राहकाच्या अंगणात उभी आहे. काम देण्यापूर्वी हे विचारावे:

- मजुरांसाठी कर्मचारी नुकसानभरपाईची विमा पॉलिसी आहे का? धंद्यात तिला ‘वर्कमन कॉम्प’ म्हणतात. प्रत मागावी आणि तिच्यावरची मुदत, मजुरांची संख्या व कामाचा प्रकार वाचावा. बागकामासाठी काढलेली पॉलिसी पन्नास फुटांवरच्या कामाला उपयोगी पडेलच असे नाही.
- भिंत, गाडी, शेजाऱ्याचे छत यांचे नुकसान झाल्यास कोण भरणार? हे करारात एका वाक्यात लिहावे.
- क्रेनचा विमा आणि चालकाचा परवाना चालू आहे का?
- काम ठेकेदार स्वतः उभे राहून करून घेणार, की दुसऱ्याला देणार?

कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्यानुसार मजुराला कामावर इजा झाली तर पहिली जबाबदारी त्याला कामाला लावणाऱ्याची, म्हणजे ठेकेदाराची. पण ठेकेदार गायब झाला तर जखमीचे नातेवाईक आणि पोलीस ज्या पत्त्यावर काम चालले होते तिथेच येतात. ही कटकट टाळण्यासाठी विम्याची प्रत आणि ठेकेदाराच्या ओळखपत्राची प्रत काम सुरू होण्याआधी फाईलला लावावी. ‘उद्या आणून देतो’ यावर काम सुरू करू नये.

विजेच्या तारा जवळ असतील तर काम सुरू होण्याआधी महावितरणला किंवा मुंबईत त्या भागाच्या वीज कंपनीला लेखी अर्ज देऊन पुरवठा बंद करण्याची वेळ ठरवून घ्यावी. पुण्यात देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद असते. तोडणी त्याच दिवशी ठेवली तर वेगळी परवानगी मिळवण्याची धडपड कमी होते. वाळके लाकूड वीज वाहत नाही, या समजुतीवर विसंबून तारेजवळची फांदी ओढायची नाही. रात्रीच्या दवाने ओलसर झालेली फांदी पुरेशी धोकादायक असते.

लाकूड कोणाचे आणि किती किमतीचे

वाळलेला साग, फणस, आंबा, शिसव किंवा चिंच यांच्या बुंध्याला वखारीत किंमत मिळते. गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ सरपणाच्या भावाने जातात. वाळवी लागलेल्या पोकळ बुंध्याला कोणी घेत नाही. उलट तो नेण्याचे पैसे द्यावे लागतात. ठेकेदार ‘लाकूड आम्ही घेतो, तोडणी फुकट’ म्हणाला की झाड कोणत्या जातीचे आहे याची आधी चौकशी करावी. जुन्या सागाच्या किंवा फणसाच्या बाबतीत अशी ‘फुकट’ तोडणी ही ठेकेदारासाठी चांगली कमाई असते.

वखारीतले मोजमाप वेगळे चालते. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. वरच्याच सहा फूट घेराच्या, दहा फुटी ओंडक्याचे हे मोजमाप दीड गुणिले दीड गुणिले दहा, म्हणजे साडेबावीस घनफूट येते. खरे घनफळ साडेअठ्ठावीस. साल आणि कापणीतली तूट यांसाठी ही सूट धरण्याची जुनी पद्धत आहे आणि ती चुकीची नाही. मात्र मालकाने तोडणी होण्याआधी टेपने घेर स्वतः मोजून कागदावर लिहून ठेवावा. ओंडके गाडीत चढल्यावर घेराबद्दल वाद घालण्याला काही अर्थ उरत नाही.

सोसायटी, शेजारी आणि रस्ता

सोसायटीच्या आवारातले झाड काढण्याचा खर्च सोसायटीचा. तळमजल्यावरच्या ज्या सदस्याच्या खिडकीसमोर झाड आहे, त्याच्या एकट्याचा नव्हे. समितीला सर्वसाधारण सभेशिवाय किती खर्च करता येतो, याची मर्यादा उपविधींत सदस्यसंख्येनुसार दिलेली असते. आकडा त्याच्या वर जात असेल तर सभेची मंजुरी घ्यावी. पावसाळ्याआधी विशेष सभा बोलावण्याचा कंटाळा करून काम तुकड्या-तुकड्यांत करण्याची पळवाट काही ठिकाणी वापरतात. त्यात मशीन दोनदा आणावे लागून खर्च वाढतोच.

रस्त्याकडेचे झाड पालिकेचे असते. त्याला खाजगी ठेकेदार लावू नये. तक्रार लेखी करून तिचा क्रमांक घ्यावा आणि फोटो जपून ठेवावेत. पुढे नुकसान झाले तर आधी कळवले होते हे दाखवणारा तोच पुरावा.

शेजाऱ्याचे वाळलेले झाड कलले असेल आणि तो ऐकत नसेल तर आधी त्याला लेखी कळवावे, त्याची प्रत उद्यान खात्याला द्यावी. तरीही हलला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पडून लोकांना इजा होण्याची शक्यता असलेले झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश ते देऊ शकतात. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. शेजाऱ्याच्या झाडाची आपल्या हद्दीत आलेली फांदी स्वतःच कापण्याची घाई करू नये. शहरात त्यालाही परवानगी लागते आणि भांडण शेजाऱ्याऐवजी पालिकेशी सुरू होते.

पूर्ण काढायलाच हवे का?

प्रत्येक वाळलेले झाड मुळापासून काढण्याची गरज नसते. वस्तीपासून दूर, पडले तर कुणाच्या अंगावर येणार नाही अशा जागी झाड असेल तर फक्त वरचा शेंडा आणि जड फांद्या उतरवून दहा-बारा फुटांचा भरीव बुंधा तसाच ठेवता येतो. वरचा भाग काढला की वारा धरणारे क्षेत्र जाते आणि धोका पुष्कळ कमी होतो. ढोलीत तांबट, सुतारपक्षी, पोपट, पिंगळा घरटी करतात. खर्चही पूर्ण तोडणीपेक्षा कमी येतो, कारण सर्वांत जड तुकडे हलवावे लागत नाहीत. शाळेच्या मैदानाशेजारी किंवा पार्किंगवर मात्र हा विचार करू नये.

कोकणात आणि गोव्यात वाळलेल्या माडाचा प्रश्न वेगळा आहे. शेंडा गेलेल्या माडावर नारळ पाडणाऱ्या पाडेलीला चढवू नये. आत सोंड्या भुंग्याने पोखरलेले खोड मधूनच मोडते. असे माड लवकर काढून खोडाचे तुकडे जाळावेत किंवा खोल पुरावेत, कारण कुजत पडलेल्या खोडात गेंडा भुंग्याची पैदास होते आणि बागेतले चांगले माड धोक्यात येतात.

केव्हा काढावे

मुंबईत मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्याआधी मेमध्ये वळवाच्या पावसाचे वारे सुटतात आणि पहिली फांदी पडली की सगळे शहर एकदम तोडणाऱ्यांना शोधू लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत माड, सुपारी, आंबा आडवे केले, तेव्हा कित्येक दिवस करवत चालवणारा माणूस मिळत नव्हता. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत गेला तर परवानगी मार्चपर्यंत हातात पडते आणि एप्रिलमध्ये, मागणी वाढायच्या आत, सौदा करता येतो. झाड मेल्यावर पहिल्या वर्षात काढले तर लाकूड अजून धरून असते. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर तेच झाड चढण्याच्या लायकीचे राहत नाही, आणि जे काम दोर-कप्पीवर झाले असते त्याला क्रेन लागते.

बुडखा आणि शेवटचे कागद

बुडखा काढणे हे वेगळे काम आहे आणि त्याचा दर आधी ठरवावा. तीन पर्याय असतात. जमिनीच्या पातळीला कापून सोडणे सर्वांत स्वस्त. जेसीबीने मुळासकट उपटणे महाग, आणि कंपाउंड भिंत किंवा पाया सहा-सात फुटांच्या आत असेल तर टाळावे. मुळांबरोबर भिंतीखालची मातीही येते. तिसरा, हाताने खणून मुख्य मुळे कापणे, यात वेळ जातो पण आजूबाजूला इजा होत नाही. जेसीबी लावण्याआधी पाण्याची, सांडपाण्याची आणि पाइप गॅसची लाईन कुठून गेली आहे ते गॅस कंपनीकडून व प्लंबरकडून खडूने आखून घ्यावे. खड्डा मुरूम घालून थराथराने दाबून भरावा. नुसती माती टाकली तर पहिल्या पावसात तिथे खळगा पडतो. घराला लागून राहिलेल्या बुडख्यात वाळवी वाढते. तेथे वाळवीप्रतिबंधक फवारणीचा खर्चही धरावा.

परवान्यात बदली झाडे लावण्याची अट असेल तर रोपे पावसाच्या सुरुवातीला लावावीत आणि बुंध्याभोवती किमान एक मीटरचे आळे उघडे ठेवावे. फरशीने गळा आवळलेले झाड पुन्हा वीस-तीस वर्षांनी याच वाटेने जाते. अनामत परत मागण्याच्या अर्जाला परवान्याची प्रत, तोडणीपूर्वीचे व नंतरचे फोटो, ठेकेदाराचे बिल आणि तारीख दिसेल असे लागवडीचे फोटो जोडावेत. हे कागद अनामत हातात येईपर्यंत एकाच पाकिटात ठेवावेत, कारण समिती दरम्यान बदललेली असू शकते.